शब्द आधी फोडा, मग लक्षात ठेवा: पेशी, ऊर्जा आणि परिसंस्था यांची पहिली ओळख

फळ्यावर ‘आंतर्द्रव्यजालिका’ असं लिहिलं की वर्गात एक ठरावीक शांतता पसरते. पुढच्या बाकावरच्या मुली निमूटपणे शब्द उतरवून घेतात. मागच्या बाकावर कुणीतरी तो एका दमात म्हणून दाखवायची पैज लावतं आणि ‘द्रव्य’पाशी अडखळतं.

मी संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. येणाऱ्यांत दोन प्रकार असतात. दहावी मराठी माध्यमातून करून अकरावी सायन्सला गेलेली मुलं, आणि कला शाखेची पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेला बसलेली. मधूनमधून मुलांचा अभ्यास घ्यायचा म्हणून एखादी आईही येऊन बसते. तिघांचीही तक्रार एकच: “मॅडम, शिकवताना समजतं, पण शब्द डोक्यात राहत नाहीत.” ते रोज वीस-वीस शब्द पाठ करून येतात आणि आठवड्याने त्यातले चार उरतात. कारण शब्द आतून कसा जोडलाय हे कुणी पाहिलेलंच नसतं. गाठोडं न सोडता ते तसंच डोक्यावरून वाहत असतात.

ज्यांनी जीवशास्त्र नुकतंच हातात घेतलंय त्यांच्यासाठी माझी पद्धत खाली लिहितेय. लागेल ते साहित्य: एक वही, एक कांदा, थोडं मीठ, आणि रात्रीच्या जेवणातली ज्वारीची भाकरी.

पहिली पायरी: वहीचे तीन भाग करा

पहिल्या भागावर लिहा ‘काय आहे’, दुसऱ्यावर ‘कोण आहे’, तिसऱ्यावर ‘काय घडतं’. सुरुवातीला भेटणारे बहुतेक शब्द या तिन्हींपैकी एका घरात बसतात. हरितलवक ही वस्तू, म्हणून ती ‘काय आहे’मध्ये. उत्पादक (अन्न बनवणारे), भक्षक (खाणारे), विघटक (मेलेलं कुजवणारे) हे ‘कोण आहे’मध्ये. प्रकाशसंश्लेषण, श्वसन, परासरण हे ‘काय घडतं’मध्ये.

हे इतकं बाळबोध वाटतं की मोठी माणसं ही पायरी गाळतात. आणि मग उत्तरपत्रिकेत लिहितात, “हरितलवक म्हणजे वनस्पती अन्न तयार करतात ती क्रिया.” भात शिजतो ते पातेलं आणि भात शिजणं यात गल्लत व्हावी तसं हे आहे. घर चुकलं की व्याख्या चुकतेच. म्हणून शब्द लिहिण्याआधी त्याचं घर ठरवा, अर्थ नंतर लिहा.

दुसरी पायरी: शब्द फोडा

मराठी परिभाषेवर ‘बोजड’ म्हणून बरीच टीका होते, काही वेळा ती रास्तही असते. पण या शब्दांचा एक फायदा आहे. ते संस्कृतच्या ओळखीच्या तुकड्यांतून जुळवलेले आहेत आणि त्यातले बरेच तुकडे आपण रोज बोलतो. इंग्रजी शब्द तसेच ग्रीक-लॅटिनमधून जुळवलेले असतात, पण ते तुकडे आपल्या घरात कुणी बोलत नाही.

‘तंतुकणिका’ घ्या. तंतू म्हणजे धागा, कणिका म्हणजे छोटा कण. धाग्यासारखा किंवा दाण्यासारखा दिसणारा कण. इंग्रजीतला ‘मायटोकॉन्ड्रिया’ हा शब्द 1898 मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने केला, तोही ग्रीकमधल्या ‘मायटोस’ म्हणजे धागा आणि ‘कॉन्ड्रोस’ म्हणजे दाणा यांपासून. मराठी करणाऱ्यांनी तो तुकड्याला तुकडा ठेवून आणला. म्हणजे तंतुकणिका कळली की मायटोकॉन्ड्रियाही फुकटात कळतो.

आता त्या ‘इका’कडे बघा. कणिका, जालिका, भित्तिका, रिक्तिका, केशिका. शेवटी ‘इका’ लागलं की बहुधा वस्तू छोटी झाली. भिंतीची झाली भित्तिका, म्हणून पेशीभित्तिका म्हणजे पेशीची भिंत. जाळ्याची झाली जालिका. मग आंतर्द्रव्यजालिका म्हणजे काय? आतल्या द्रव्यात पसरलेलं बारीक जाळं. मागच्या बाकावरची पैज इथे संपते. केशिका म्हणजे केसासारखी बारीक रक्तवाहिनी. रिक्तिका आली ‘रिक्त’वरून. जुन्या सूक्ष्मदर्शकांतून तो भाग मोकळा दिसला म्हणून हे नाव पडलं. खरं तर वनस्पतीच्या पेशीतली मोठी रिक्तिका मोकळी नसते, पाण्याने आणि क्षारांनी भरलेली असते. नाव आणि वस्तू यांची जोडी फसलेलं हे एक उदाहरण, ते तसंच लक्षात ठेवायचं. ‘लयकारिका’तल्या ‘इका’ने मात्र फसू नका. ती लय करणारी, म्हणजे पचवून मोडून टाकणारी आहे. इथे छोटेपणाचा संबंध नाही.

‘लवक’ हा शब्द मुलांना परका वाटतो, पण ‘लवलेश’ आपण बोलतोच. लव म्हणजे अगदी छोटा अंश. लवक म्हणजे पेशीतला छोटा कण, आणि हिरवा असेल तर हरितलवक. त्याच्या आत जो हिरवा पदार्थ असतो तो हरितद्रव्य. डबी आणि डबीतलं कुंकू, इतका साधा फरक आहे. इंग्रजीत ‘क्लोरोप्लास्ट’ आणि ‘क्लोरोफिल’ कानाला जवळचे वाटतात म्हणून तिथे गोंधळ जास्त होतो.

‘संश्लेषण’ आणि ‘विश्लेषण’ शेजारीशेजारी लिहा. विश्लेषण म्हणजे सुटं करून पाहणं, हे बातम्या ऐकणाऱ्या कुणालाही माहीत असतं. संश्लेषण त्याच्या उलट, जोडून नवं करणं. प्रकाशाच्या जोरावर जोडणं ते प्रकाशसंश्लेषण.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘चयापचय’. चय म्हणजे साठणं, रचलं जाणं (‘संचय’मधला चय). अपचय म्हणजे मोडणं, झिजणं. शरीरात रचण्याच्या आणि मोडण्याच्या ज्या असंख्य रासायनिक क्रिया चालतात त्या सगळ्या मिळून चय अधिक अपचय, चयापचय. ‘मेटाबॉलिझम’ हा शब्द ऐकून यातलं काहीच कळत नाही. अपचन आणि अपचय यांत मात्र गल्लत करू नका. एका विद्यार्थ्याने अपचयावर ओव्याचं पाणी सुचवलं होतं.

तिसरी पायरी: एक पेशी स्वतः पाहा

चित्रातली पेशी पाहून शब्द शिकलेला माणूस खरी पेशी पाहिली की गोंधळतो. म्हणून लवकरात लवकर खरी पाहावी. शाळा-कॉलेजातला सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. नाहीतर घडी घालून तयार होणारा कागदी ‘फोल्डस्कोप’ही चालतो, त्यातून सुमारे 140 पट मोठं दिसतं.

कांदा चिरा. आतल्या एका मांसल पाकळीच्या पोटाकडच्या बाजूला नखाने टोकरलं की पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटतो, ओल्या ट्रेसिंग पेपरसारखा. नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. त्याला चुणी पडू देऊ नका, चुणी पडली की एकावर एक पेशी येऊन काही उमगत नाही. औषधाच्या दुकानातलं आयोडीनचं टिंक्चर पाण्यात पातळ करून एक थेंब टाका. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून तिरकी धरा आणि हळूच सोडा. सरळ वरून टाकलीत तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि दर वर्षी कुणीतरी त्या काळ्या कडेच्या गोल बुडबुड्यालाच ‘पेशी’ म्हणून वहीत उतरवतं.

मग दिसतं ते असं: लांबट विटा एकमेकींना खेटून रचलेल्या, आणि बहुतेक विटांत एका कडेला पिवळसर तपकिरी ठिपका. विटेची कड म्हणजे पेशीभित्तिका. तिला आतून चिकटून प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचा पातळ पडदा असतो, पण तो असा वेगळा दिसत नाही. ठिपका म्हणजे केंद्रक, पेशीचा कारभार चालवणारा भाग. मधली मोकळी वाटणारी जागा म्हणजे मोठी रिक्तिका, तिनेच केंद्रकाला कडेला ढकललेलं असतं. तंतुकणिका, जालिका यांतलं काही या भिंगातून दिसणार नाही, त्यासाठी शोधत बसू नका.

एक गंमत हमखास होते. निम्मी मुलं आकृतीत हिरवे ठिपके काढतात. मी विचारते, “कुठे दिसले?” उत्तर येतं, “पुस्तकातल्या वनस्पती-पेशीत आहेत ना!” कांदा जमिनीखाली वाढतो, त्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. पुस्तकातली ‘वनस्पती-पेशी’ ही अनेक पेशींवरून बेतलेली नमुना-पेशी असते. सगळी अंगकं (पेशीच्या आतले भाग) दाखवणारी ती आकृती म्हणजे दुकानाच्या पाटीवरची थाळी, प्रत्यक्षात आज काय शिजलंय ते ताटात बघावं लागतं.

1665 मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप भिंगाखाली धरला, तेव्हा त्यांना रिकाम्या खोल्या दिसल्या. ‘सेल’ हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या खोलीवरून तेव्हापासून चिकटला. त्यांनी पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. केंद्रकाला नाव मिळायला 1831 उजाडलं, ते रॉबर्ट ब्राउन यांनी ऑर्किडच्या पेशी पाहताना दिलं. सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात हे श्लायडेन आणि श्वान यांनी 1838-39 मध्ये मांडलं.

आता मीठ काढा. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर मीठ वाढायच्या वेळी घालतात. ते सुटलेलं पाणी म्हणजेच परासरण. बाहेर मीठ जास्त झालं, पेशीतलं पाणी पटलातून बाहेर आलं. पटल पाण्याला वाट देतं, मिठाला सहजी देत नाही, म्हणून त्याला निवडक्षम पार्यपटल, म्हणजे निवडून वाट देणारा पडदा म्हणतात. बाहेरचं द्रावण पेशीपेक्षा दाट असेल तर ते अतिपरासारी, पातळ असेल तर अवपरासारी, सारखं असेल तर समपरासारी. ‘अति’ म्हणजे जास्त आणि ‘अव’ म्हणजे कमी, खाली (अवकळा, अवनतीतला). मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात, तिथे पाणी अवपरासारी.

दवाखान्यात लावतात ती सलाईन 0.9 टक्के मिठाची असते, कारण ती रक्तपेशींना समपरासारी पडते. शिरेतून नुसतं शुद्ध पाणी भरपूर गेलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. आणि लोणच्यात मीठ सढळ का, हेही आता सांगता येईल. जिवाणू आणि बुरशी यांच्या पेशींतलं पाणीच मीठ ओढून घेतं.

चौथी पायरी: भाकरीतली ऊर्जा कुठून आली ते शोधा

इथे रेंगाळा. बहुतेक घोटाळे याच भागातले आहेत.

‘ऊर्जा’ म्हणजे काम करण्याची क्षमता. रोजच्या बोलण्यात ऊर्जा, शक्ती, बल, ताकद सगळं एकच. शास्त्रात ते वेगळं. विजेच्या बिलात युनिट मोजतात ती ऊर्जा, दिव्यावर वॉट लिहिलेले असतात ती शक्ती, म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग. अन्नाची ऊर्जा किलोकॅलरीत किंवा किलोज्यूलमध्ये मोजतात, 1 किलोकॅलरी म्हणजे सुमारे 4.18 किलोज्यूल. बोलताना आपण जिला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते.

आता प्रश्न. ज्वारीचं रोप कशाचं बनतं? शेतकऱ्याच्या घरातली मुलंही पटकन सांगतात, “मातीचं आणि खताचं.” खताला आपण ‘पिकाचं अन्न’ म्हणतो, त्यामुळे हे उत्तर तोंडात बसलेलं आहे. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट यांनी सुमारे 90 किलो वाळवलेल्या मातीत सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं. आपल्याकडचा वाळुंज त्याच कुळातला. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं साधारण 77 किलो. माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती जेमतेम 57 ग्रॅम. हेल्मॉन्टना वाटलं, झाड पाण्याचं बनलं. अर्धं बरोबर होतं. उरलेलं हवेतून आलं होतं, कार्बन डायऑक्साइड म्हणून, आणि तो भाग त्यांना ठाऊक असण्याची सोय नव्हती.

म्हणजे भाकरीतला पिष्टमय पदार्थ हा हवेतल्या कार्बनचा आणि पाण्याचा बनलाय. त्यांना जोडायला लागलेली ऊर्जा उन्हाची. हरितद्रव्याने ती पकडली, हरितलवकात जोडकाम झालं, ग्लुकोज तयार झालं आणि पुढे पिष्ट होऊन कणसातल्या दाण्यात साठलं. नत्र, स्फुरद, पालाश हे मातीतून आले. ते लागतातच, नत्राशिवाय प्रथिनं नाहीत. पण झाडाला त्यांच्यातून ऊर्जा मिळत नाही. अन्न हा शब्द ज्यातून ऊर्जा मिळते त्याच्यासाठी राखून ठेवा, खताला पोषकद्रव्यं म्हणा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, तो पाणी फोडून निघतो. 1941 मध्ये रुबेन आणि कामेन यांनी जड ऑक्सिजनची खूण लावून हे दाखवलं. पाणी फोडायला प्रकाश लागतो. म्हणून “पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो” असं पारावर कुणी सांगितलं तर वाद घालू नका, पण वहीत लिहू नका. काही निवडुंगवर्गीय झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात हे खरं आहे, ऑक्सिजन मात्र त्यांनाही अंधारात सोडता येत नाही.

आता भाकरी पोटात गेली. इथे दोन शब्द नीट वेगळे करा. श्वासोच्छ्वास म्हणजे नाकाने हवा आत-बाहेर करणं. श्वसन म्हणजे पेशीने अन्न मोडून ऊर्जा काढणं. झाडाला नाक नाही, तरी झाड श्वसन करतं, आणि दिवस-रात्र करतं. “झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात” हे वाक्य मी दर वर्षी लाल शाईने खोडते. दिवसाही श्वसन चालूच असतं, फक्त उन्हातल्या जोडकामाच्या मानाने ते कमी पडतं म्हणून बाहेरून कळत नाही.

भाकरीतलं पिष्ट आतड्यात मोडून ग्लुकोज होतं आणि रक्तातून पेशीपर्यंत पोचतं. ग्लुकोज म्हणजे पाचशेची नोट. एसटीत चढल्यावर कंडक्टर काय म्हणतो? “सुटे द्या.” पेशीही तेच म्हणते. स्नायूचा एक धागा हलवायला, पटलातून एक आयन ढकलायला अख्खं ग्लुकोज चालत नाही. ते मोडून सुटे करावे लागतात आणि ते सुटे म्हणजे एटीपी, पूर्ण नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. कार्ल लोहमान यांनी ते 1929 मध्ये शोधलं. हे सुटे साठवून ठेवता येत नाहीत. शरीरात एका वेळी पाव किलोच्याही आत एटीपी असतं, पण तेच पुन्हा पुन्हा मोडत आणि जोडत दिवसभरात त्याची उलाढाल आपल्या वजनाच्या आसपास जाते.

सुटे करण्याचा पहिला टप्पा पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीत भरलेल्या दाटसर द्रवात होतो, ग्लुकोज-विघटन. त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि हातात पडतात फक्त 2 एटीपी. पुढचे टप्पे, म्हणजे क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी, तंतुकणिकेत होतात आणि तिथे खरी कमाई आहे. एका ग्लुकोजमागे एकूण किती? शाळेच्या पुस्तकात 38 वाचलं असेल, नव्या पुस्तकांत 30 ते 32 सापडेल. अलीकडची मोजणी 30-32च्या बाजूची आहे, पण परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा. तत्त्वासाठी गुण घालवू नका.

ऑक्सिजन नसेल तर पेशी पहिल्याच टप्प्यावर थांबते आणि उरलेल्या मालाचं लॅक्टिक आम्ल किंवा अल्कोहोल करते. ते किण्वन, दही लागणं आणि पाव फुगणं त्यातलंच.

उजळणीसाठी एक प्रश्न: तुमच्या तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात, मग त्या कशावर जगतात? उत्तर वरच्या परिच्छेदांतच आहे.

पाचवी पायरी: परिसंस्थेत ‘चक्र’ आणि ‘प्रवाह’ वेगळे ठेवा

परिसंस्था हा शब्द ‘परि’ म्हणजे भोवती आणि ‘संस्था’ यांचा. एखाद्या जागेतले सजीव, तिथलं पाणी, माती, हवा, ऊन, आणि या सगळ्यांचे आपसातले व्यवहार मिळून परिसंस्था. ‘इकोसिस्टिम’ हा शब्द आर्थर टॅन्स्ली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1935 मध्ये छापून आणला. त्याचा भर यावर होता की निर्जीव भाग म्हणजे नाटकाचा पडदा नव्हे, तोही पात्रच आहे. म्हणून जैविक आणि अजैविक असे दोन्ही घटक लिहायचे. नुसती प्राण्यांची यादी दिलीत तर उत्तर अर्धं.

उत्पादक, भक्षक आणि विघटक हे ‘कोण आहे’च्या घरातले शब्द सोपे आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच, की गांडूळ पालापाचोळा खाऊन बारीक करतं, त्याला पुस्तकं सरसकट विघटकांत घालतात. शेवटचं कुजवण्याचं काम जिवाणू आणि कवकं (बुरशी) करतात.

खरी मेख दुसरीकडे आहे. पुस्तकातली नावं नीट वाचा: कार्बन चक्र, नायट्रोजन चक्र, जलचक्र. आणि ऊर्जेला? ऊर्जाप्रवाह. ऊर्जाचक्र असा शब्द पुस्तकात भेटत नाही, आणि तो योगायोग नव्हे. ज्वारीतला कार्बन तुमच्या उच्छ्वासातून हवेत गेला, उद्या तो कडुलिंबाच्या पानात असेल. ऊर्जेचं तसं नाही. उन्हातून आली, दाण्यात बांधली गेली, तुमच्या चालण्या-बोलण्यात खर्च झाली आणि शेवटी अंगाची ऊब होऊन हवेत विरली. ती ऊब कुठलंही झाड परत पकडू शकत नाही. म्हणून ऊन रोज यावं लागतं.

कोण कुणाला खातं या साखळीतली प्रत्येक पायरी म्हणजे पोषण पातळी. एका पातळीवरून वरच्या पातळीवर ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा पोचतो. गवतात 1000 किलोज्यूल बांधलेले असतील तर नाकतोड्याच्या अंगात 100, बेडकात 10, सापात 1. बाकीचे कुठे गेले? श्वसनात खर्च झाले, न खाल्लेल्या देठात राहिले, विष्ठेतून बाहेर पडले. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका छोट्या तळ्याची ऊर्जेची अशी जमाखर्च-वही रेमंड लिंडमन यांनी मांडली. त्यांचा निबंध 1942 मध्ये छापून आला, त्याच्या काही महिने आधी, वयाची सत्तावीस वर्षं पूर्ण होण्याआधीच ते वारले. दहा टक्क्यांचा नियम पुढे त्या कामातून रूढ झाला. तो ढोबळ सरासरी आहे, प्रत्यक्षात आकडा कमी-जास्त होतो. पण जंगलात चितळं शेकड्यांनी आणि वाघ बोटांवर मोजण्याइतके का, हे समजायला तो पुरतो.

चक्र आणि प्रवाह यांतला फरक पक्का झालाय का हे तपासायला मी कासला घेऊन जाते, निदान फोटोतून. साताऱ्याजवळचं हे पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. जांभ्या खडकावर बोटभर माती, पावसाळाभर ओली. सप्टेंबरात तिथे खाली बसून पाहिलं तर दोऱ्यासारख्या देठांवर जांभळी-निळी फुलं डोलत असतात, सीतेची आसवं. पानं इतकी बारीक की शोधावी लागतात. ओल्या मातीत शिरलेल्या तिच्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात. प्रत्येक फुग्याला आत उघडणारं दार. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की पापणी लवायच्या आत फुगा त्याला पाण्यासकट आत ओढतो आणि पचवतो.

मग मी विचारते, ही वनस्पती स्वयंपोषी (स्वतःचं अन्न स्वतः बनवणारी) की परपोषी (दुसऱ्यावर जगणारी)? जवळजवळ सगळे हात ‘परपोषी’ला वर जातात, कारण ती किडे खाते. पण ती हिरवी आहे. तिची ऊर्जा उन्हातूनच येते, स्वयंपोषीच ती. जांभ्यावरच्या त्या धुपलेल्या मातीत नत्र आणि स्फुरद जवळपास नाहीत, ते ती किड्यांकडून मिळवते. प्रवाहात ती ज्वारीच्या ओळीत बसते. नत्र मिळवायची फक्त तिची वाट वेगळी आहे. हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं त्याला चौथी आणि पाचवी पायरी दोन्ही जमल्या असं मी धरते.

सहावी पायरी: हिंदी व्हिडिओ पाहताना सावध

मोबाइलवर जीवशास्त्राचं चांगलं साहित्य हिंदीत भरपूर आहे. जरूर पाहा, पण दोन्ही भाषांची लिपी एक आणि परिभाषा वेगळी, ही खाच लक्षात ठेवा. मराठीत पेशी म्हणजे सेल. हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘हृद पेशी’वरचा हिंदी व्हिडिओ पाहून ‘हृदय ही एकच मोठी पेशी आहे’ असं मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं. तिची चूक काय म्हणायची! मराठी ऊती ती हिंदी ऊतक, परिसंस्था ते पारितंत्र, विघटक ते अपघटक. आणि हिंदीतला स्नायु हा आपला स्नायू नव्हे, शाळेच्या हिंदी पुस्तकांत तो हाडं बांधणारा अस्थिबंध असतो. केंद्रक, हरितलवक, श्वसन हे मात्र दोन्हीकडे तेच.

वहीत प्रत्येक शब्दासमोर आणखी एक रकाना ठेवा आणि इंग्रजी शब्द कानाला ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा. अकरावीला जाणाऱ्यांनी स्पेलिंग वेगळ्या दिवशी पाठ करावं. अर्थ आणि स्पेलिंग एकाच बैठकीत रेटलं की दोन्ही सांडतं.

शेवटचं काम

आज रात्री जेवताना भाकरीचा एक घास हातात घ्या आणि जेवण झाल्यावर दहा ओळी लिहा: यातली ऊर्जा कुठून निघाली, कुणाकुणाच्या हातून गेली, आता कुठे आहे. हरितलवक, प्रकाशसंश्लेषण, उत्पादक, भक्षक, श्वसन, तंतुकणिका, एटीपी आणि ऊर्जाप्रवाह हे आठ शब्द आलेच पाहिजेत, पुस्तक मिटलेलं हवं. मग स्वतःच तपासा. कुठे ‘श्वसन’ लिहायच्या जागी ‘श्वासोच्छ्वास’ पडलंय का, ‘खतातून ऊर्जा’ असं काही आलंय का. आणि शेवटच्या ओळीत ऊर्जा परत मातीत गेली असेल तर पाचवी पायरी उद्या पुन्हा वाचा.